थेरपीत पहिल्याच दिवशी सगळं सांगावं लागतं का?

नाही. या भीतीपोटी कितीतरी जण मदत घेणंच टाळतात, याचं फार वाईट वाटतं.

आघाताची, म्हणजे एखाद्या भयंकर प्रसंगाने मनाला झालेल्या जखमेची, जाण ठेवून काम करणारे थेरपिस्ट आधी तुम्हाला सुरक्षित वाटतंय ना, हे बघतात. काय सांगायचं, किती सांगायचं, कुठे थांबायचं हे तुम्ही ठरवता. त्या प्रसंगात नेमका हाच ताबा हिरावला गेलेला असतो, म्हणून तो परत मिळणं हाच उपचाराचा मोठा भाग.

प्रसंग संपला तरी शरीर सावधच राहतं: दचकणं, झोप उडणं, धडधड, कधी एकदम सुन्न होणं. हा कमकुवतपणा नव्हे. म्हणून सुरुवातीला श्वास, जमिनीवर टेकलेले पाय, आजूबाजूचे आवाज यांकडे लक्ष नेऊन वर्तमानात यायला शिकवतात. आठवणींना हात नंतर, तोही हळूहळू. त्यासाठी आघातकेंद्रित सीबीटी (त्या प्रसंगाशी जोडलेले विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) आणि ईएमडीआर (आठवण मनात ठेवून डोळ्यांची ठरावीक हालचाल करायला लावणारी थेरपी) या पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली आहे. ईएमडीआरमध्ये तर प्रसंगाचं तपशीलवार वर्णनही करावं लागत नाही.

थेरपिस्ट घाई करत असतील तर खुशाल 'थांबा' म्हणा. मात्र जीव नकोसा वाटत असेल, तर आजच जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा.