फुल थ्रॉटललाही आरपीएम कमीच

प्रश्न: माझ्या अल्ट्रालाइटला, म्हणजे छोट्या हलक्या विमानाला, रोटॅक्स ५८२ इंजिन आहे, फुल थ्रॉटल दिला तरी ५९०० आरपीएमच्या वर जातच नाही, चढतंही हळू. इंजिन बदलू का?

उत्तर: अहो, इतक्यात नको! हे इंजिन ६५ हॉर्सपॉवर देतं ते ६५०० आरपीएमला, तिथवर पोचत नसेल तर आधी टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारं मीटर) तपासा आणि मग पिच, म्हणजे प्रॉपेलरच्या पात्यांचा कोन, तो बहुतेक जास्त झालाय. अर्धा डिग्री कमी करून बघा, पण सगळी पाती अगदी सारखी, नाहीतर थरथर सुरू होते. गिअरबॉक्सही बघाच, २.५८ रेशोला (म्हणजे इंजिनाच्या २.५८ फेऱ्यांना प्रॉपेलरची एक) ६५०० वर प्रॉपेलर साधारण २५०० आरपीएमने फिरतो, ३.४७ ला १८७० ने, मग मोठा व्यास लावता येतो, आणि हळू उडणाऱ्या विमानाला भरपूर हवा सावकाश ढकलणंच परवडतं. इग्निशन बंद करून पात्याच्या पुढच्या कडेवरून बोट फिरवा, खरखर लागली तर तीही थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर) खाते.