नाटकवाल्यांना आत जाऊन भेटायचं असतं

चिनू बाळा,

तुझा व्हॉइस मेसेज आला, बाबाने आणि मी जेवता जेवता ऐकला आणि मग बाबाचं जेवण राहिलंच बाजूला, तो त्याच्या कॉलेजच्या एकांकिकांचे किस्से सांगत सुटला. तू विचारलंस की आजी तुला ठाण्याच्या गडकरी रंगायतनला नाटकाला घेऊन गेली आणि नाटक संपल्यावर सरळ मागे मेकअप रूममध्ये घेऊन गेली, कोणी अडवलं नाही, तिकीट पण विचारलं नाही, आणि ते हीरो काका घामाने निथळत होते तरी तुझ्याशी बोलत बसले. इथे टोरांटोला तर असं कोणी करत नाही मग तिकडे चालतं कसं? आणि दुसरं म्हणजे पडदा पडायच्या आधी त्या काकांनी खाली वाकून स्टेजला हात लावून नमस्कार का केला.

दोन्हीचं उत्तर एकच आहे पण जरा लांबचं आहे, तेव्हा वाचून कंटाळलीस तर आजीला वाचून दाखवायला सांग, ती मध्ये मध्ये स्वतःचं घालेल ते पण ऐक.

आधी आपलं इथलं आठव. डाउनटाउनला फोर सीझन्स सेंटरला आपण नटक्रॅकर हा बॅले बघायला गेलो होतो, तो काचेचा जिना, आत घोड्याच्या नालेसारखे वर वर चढत गेलेले मजले, आणि दोन हजारांच्या वर माणसं बसलेली असून एवढी शांतता की तुझ्या जॅकेटची चेन वाजली तर तूच दचकलीस. ती इमारत रबराच्या पॅडवर बसवलेली आहे, का तर खालून जाणाऱ्या सबवेची थरथर आत येऊ नये. मला तो हॉल मनापासून आवडतो, उगाच आपलं ते चांगलं आणि त्यांचं ते कोरडं असलं काही मी तुला सांगणार नाही. पण तिथे बॅले आणि ऑपेरावाल्यांचं घरच आहे. डिसेंबरभर तोच खेळ तिथेच चालतो, त्यांचं सामान तिथेच, ते घरचे आणि आपण तिकीट काढून आलेले पाहुणे. पाहुण्याने दुसऱ्याच्या घरात आतल्या खोल्यांमध्ये शिरायचं नसतं, बरोबर?

आता ठाण्यात हे सगळं नेमकं उलटं आहे. गडकरी रंगायतन कोणा नाटक कंपनीचं नाही, महापालिकेचं आहे, म्हणजे ठाणेकरांचंच म्हण ना. ते १९७८ साली सुरू झालं. त्याआधी चांगलं नाटक बघायचं तर दादरला शिवाजी मंदिर थिएटर गाठायचं आणि परत येताना शेवटच्या लोकलसाठी पळायचं, आजोबांचं तर म्हणे अर्ध लक्ष घड्याळातच असायचं आणि शेवट काय झाला ते ते आजीला गाडीत विचारायचे. म्हणून तलावपाळीला, म्हणजे ठाण्याच्या तळ्याकाठी, आपलं स्वतःचं थिएटर झालं याचं त्या पिढीला इतकं अप्रूप आहे. मध्ये बरेच महिने ते दुरुस्तीला बंद होतं तेव्हा आजी फोनवर रोज विचारल्यासारखं सांगायची, अजून उघडलं नाही गं. पण तिथे जे नाटक होतं ते बाहेरून येतं. टेम्पोत सेट घालून, बसमध्ये कलाकार बसवून. दुपारी वाशीला विष्णुदास भावे थिएटरला प्रयोग आणि रात्री साडेआठला ठाण्याला, असं सर्रास चालतं, मध्ये ट्रॅफिक लागलं की सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं.

तू त्या मेसेजमध्ये शेवटी हसत हसत सांगितलंस ना, की तुम्ही आत उभे होतात तेव्हा दोन दादा त्या नाटकातल्या घराची भिंत उचलून घेऊन चालले होते आणि भिंतीवर घड्याळ तसंच लटकत होतं? तेच ते. ते बॅकस्टेजवाले. मला विचारशील तर तू त्या हीरो काकांपेक्षा त्यांच्याकडे बघायला हवं होतं. प्रयोगाच्या आधी येऊन रिकाम्या स्टेजवर ते अख्खं घर उभं करतात, फ्लॅट म्हणजे त्या लाकडी चौकटीवर कापड ताणलेल्या भिंती, त्या एकमेकींना जोडायच्या, मागून टेकू द्यायचा, दार उघडतं-लागतं ना बघायचं, सोफा जिथे असायचा तिथेच ठेवायचा कारण अंधारात कलाकार अंदाजाने चालतात. आणि पडदा पडला की लोकांच्या टाळ्या संपायच्या आत स्क्रू काढायला सुरुवात. उद्या तेच घर पुण्याला नाहीतर नाशिकला. या लोकांची नावं सुरुवातीच्या अनाउन्समेंटमध्ये येतात पण तेव्हा आपण खुर्ची शोधत असतो.

म्हणजे बघ, हॉल आपला आणि नाटकवाले आपल्या गावात आलेले पाहुणे. घरी कोणी लांबून आलं, तुम्हाला दोन तास हसवलं, रडवलं, आणि निघताना तुम्ही दारापर्यंत पण आला नाहीत तर कसं दिसेल? आजी तुला आत घेऊन गेली ती म्हणून. सेल्फी हे हल्लीचं. आमच्या लहानपणी आत जाऊन काय बोलायचं तर "छान झालं हो काम" एवढंच, आणि जाणकार काका लोक तर "दुसऱ्या अंकात जरा घाई झाली" असं तोंडावर सांगायचे आणि ते कलाकार ऐकून पण घ्यायचे. काही मोठे नट दमलेले असतात, दार लावून बसतात, तोही त्यांचा हक्क आहे, तेव्हा दार बंद असेल तर ठोठवायचं नाही. उघडं असेल तर जायचं.

आता नमस्कार. रोज नवीन गाव, नवीन स्टेज, फळी कुठे करकरते, माइक कुठे नीट पकडत नाही काही माहीत नाही, आणि समोर हजार माणसं पैसे देऊन बसलेली. स्वतःचं घर नसलेल्या माणसाला जिथे उभं राहून पोट भरतं ती जागा पाया पडण्यासारखी वाटणारच. तू विंगेत, म्हणजे स्टेजच्या कडेच्या आडोशाला, एक छोटा फोटो आणि हार बघितलास का, आणि तो अगरबत्तीचा वास? प्रत्येक प्रयोगाआधी तिथे पूजा होते, गणपती नाहीतर नटराज. नाटकाचा पहिला प्रयोग असेल तर नारळ वाढवतात. देवावर फारसा विश्वास नसलेले नट पण स्टेजवर पाय ठेवायच्या आधी हात लावतात, मी विंगेतून बघितलंय, बाबाच्या त्या एकांकिकांच्या वेळी.

आणि त्या घंटा. तू विचारलं नाहीस पण तुझ्या मेसेजमध्ये मागे वाजताना ऐकू येतेय. पहिली घंटा झाली की आत मेकअप आवरा आणि बाहेर चहा संपवा, दुसरीला आपापल्या जागेवर, आणि तिसरी म्हणजे आता सुरू, मग कोणी मंत्री यायचा राहिला असेल तरी. (निदान तसं असायला हवं. मंत्र्यासाठी थांबलेली तिसरी घंटा मी बघितली आहे आणि बाल्कनीतून काय काय ओरडलं गेलं ते तुला लिहिता येण्यासारखं नाही.)

इंटरव्हलला सगळे वड्यासाठी का धावतात असंही तू म्हणालीस. अगं बटाटावडा नसेल तर नाटक बघितल्यासारखं वाटतच नाही, त्याला मोठं कारण काही नाही, भूक. पूर्वी संगीत नाटकं पाच-पाच अंकी असायची, रात्री सुरू व्हायची ती पार पहाटेपर्यंत चालायची, कारण गाणं आवडलं की लोक "वन्स मोअर" ओरडायचे आणि तेच पद परत, परत. तेव्हा आपल्याकडचं प्रेक्षागृह हे गप्प बसायचं ठिकाण कधी नव्हतंच. वाक्याला टाळी पडते, नट नुसता एंट्री घेतो तरी टाळी पडते आणि तो बिचारा टाळी संपेपर्यंत थांबतो. ऐकू आलं नाही तर मागून "आवाज!" अशी आरोळी येते. फक्त मोबाइल वाजला तर मात्र कोणी सोडत नाही, नट प्रयोग थांबवून बोलतात, आणि मला ते शंभर टक्के पटतं.

एक राहिलं, नाव. गडकरी म्हणजे ते रस्ते बांधणारे गडकरी नव्हेत, तुझा मामा तुला तसं सांगून चिडवेल. हे राम गणेश गडकरी, नाटककार, कविता गोविंदाग्रज नावाने लिहायचे आणि विनोदी लेख बाळकराम नावाने. दारूने एक सुखी घर कसं धुळीला मिळतं त्यावरचं त्यांचं नाटक आहे, एकच प्याला, त्यात नायिकेचं, सिंधूचं काम बालगंधर्वांनी केलं, म्हणजे बाईचं काम पुरुषाने, तेव्हा तसंच असायचं. गडकरी १९१९ साली गेले तेव्हा अवघे ३३ वर्षांचे होते. घोडबंदर रोडच्या बाजूला दुसरं थिएटर आहे ते काशिनाथ घाणेकरांच्या नावाचं, ते नट होते आणि शिकलेले दातांचे डॉक्टर. आणि वाशीचं भावेंच्या नावाचं, ज्यांनी १८४३ मध्ये सांगलीला सीतास्वयंवर केलं, मराठी नाटकाची सुरुवात तिथून धरतात. इथे आपला हॉल हॉटेल कंपनीच्या नावाचा आहे कारण त्यांनी देणगी दिली. देणगी देणं वाईट नाही, त्याच पैशात ते रबराचे पॅड आले असतील. पण रिक्षावाल्याला "गडकरी" म्हटलं की तो नाटककाराचं नाव घेत आपल्याला तलावपाळीला सोडतो, हे मला भारी वाटतं.

पुढच्या रविवारी वाशीला जायचं म्हणताय ते नक्की जा, ठाण्याहून ट्रान्सहार्बरची गाडी सरळ वाशीला जाते, रिक्षाच्या भानगडीत पडू नका. तिकिटं मोबाइलवर मिळतात पण आजीला काउंटरवरच जायचं असतं, जाऊ दे तिला. पूर्वी तिथे खिडकीत प्लॅन मांडलेला असायचा, सगळ्या खुर्च्यांचा कागदी नकाशा, आणि आतले काका पेन्सिलने फुली मारायचे, आजी बोट ठेवून म्हणायची ही नको हो, खांबामागे येते. (खांब नसायचाच कुठे, तिला घासाघीस करायची सवय.) पहिल्या दोन रांगा घेऊ नका, मान अवघडते आणि पलीकडचं काही दिसत नाही, सहा ते दहा मधली कुठलीही चांगली. बाल्कनी स्वस्त पडते म्हणून आजी तीच काढेल, तिला काढू देऊ नकोस, जिने चढून तिचे गुडघे दोन दिवस दुखतात आणि ती तुला सांगणार नाही.

आई