ताडू नकोस, विचार

प्रिय पोरी,

आजी गेली तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही आणि आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, “तुले काहीच वाटस नही का?” त्यावरून तू विचारलंस, ऑटिझम असलेल्या माणसाची सहानुभूती वाढू शकते का. वाढते. पण नेमकं काय वाढवायचं ते आधी ठरव, नाहीतर भलत्याच गोष्टीवर वर्षं घालवशील.

दुसऱ्याच्या मनातलं चेहऱ्यावरून ताडणं वेगळं आणि ते कळल्यावर आतून कळवळणं वेगळं. ऑटिझममध्ये बहुतेक वेळा अडतं ते पहिल्यापाशी. म्हणून ताडू नकोस, विचार. फोटोंतले चेहरे ओळखायचा सराव केला की फोटो ओळखता येतात. घरातल्या माणसांपर्यंत तो सराव फारसा पोचत नाही.

“काय झालं?” असं आईला विचारलंस तर “काही नाही” हेच ऐकशील. त्यापेक्षा “दमलीस, की कशाचं वाईट वाटलंय?” असं विचार. दहा सेकंद गप्प राहा. मग पुढचा प्रश्न: “काही करू, की नुसती बसू?” तुझी एक खोड मात्र सांभाळ. कुणी दुःख सांगितलं की तू लगेच तसाच आपला अनुभव सांगतेस. तुझ्या लेखी ती माया. समोरच्याला वाटतं, हिने विषय स्वतःकडे ओढला. एका वाक्यात संपव आणि पुन्हा त्यांनाच विचार.

सगळं ओझं तुझ्याच डोक्यावर नाही. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डॅमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडलं की हा न समजण्याचा प्रकार दुहेरी आहे. इतरांनाही तुमचं मन वाचता येत नाही. आत्यानेही ताडलंच, विचारलं नाही. द्वारदर्शनाची, म्हणजे सांत्वनाला येणाऱ्यांची गर्दी, रडण्याचा कल्लोळ, उन्हाची झळ हे सगळं एकदम अंगावर आलं की चेहरा थिजतो, आणि लोक त्याला कोरडेपणा म्हणतात. पुढच्या वेळी आधीच सांगून ठेव: पंधरा मिनिटं बसेन, मग ओट्यावर जाईन. निघताना घरच्यांना विचार, “उद्या कोणत्या कामाला येऊ?” आणि ये. खोटं रडू मात्र नकोस. असं रडायला शिकवणाऱ्यांशी मी भांडत आलोय आणि भांडत राहीन, हट्टी म्हणोत.

आता मुळातलं. ऑटिस्टिक माणसांपैकी जवळपास निम्म्यांना स्वतःच्याच भावनेला नाव देता येत नाही. याला अलेक्सिथायमिया म्हणतात. जेफ्री बर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१० साली मेंदूच्या तपासणीतून दाखवलं की दुसऱ्याच्या वेदनेला मेंदू किती प्रतिसाद देतो, ते या अडचणीवर ठरतं, ऑटिझमवर नाही. म्हणजे तुला स्वतःलाही विचारावं लागेल. रोज तीनदा, ठरल्या वेळी, वहीत लिही: जबडा, छाती, पोट, कुठे आवळलंय, ० ते १० मध्ये किती, आणि त्याआधी काय घडलं. भावनेचं नाव सुचलं नाही तर जागा कोरी सोड, ओढूनताणून भरू नकोस. महिनाभराने वही घेऊन ये, कोऱ्या जागा आपण दोघं मिळून बघू.