दरवर्षी ध्येयं ठरवतो, पण मार्चपर्यंत सगळी सुटतात. काय करू?

तुम्ही लिहिलंय की वय 29, राहायला पुण्यात कोथरूडला, नोकरी हिंजवडीत. दर एक जानेवारीला वहीत तीन गोष्टी लिहिता: वजन कमी करायचं, जर्मन शिकायची, महिन्याला काही पैसे बाजूला टाकायचे. मार्च उजाडेपर्यंत तिन्ही बारगळतात आणि आता स्वतःवरचा विश्वासच उडायला लागलाय. हे शेवटचं वाचलं म्हणून उत्तर लिहायला बसले. तुमच्या जिद्दीबद्दल मला शंका नाही. वहीतल्या त्या तीन ओळी ज्या तऱ्हेने लिहिल्यात, त्या तशा लिहिल्यावर कोणाकडूनही पूर्ण होणं अवघड आहे.

माझी नवी पेठेत अभ्यासिका आहे. राज्यसेवा, फौजदार, बँक अशा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली सकाळी सातपासून रात्री उशिरापर्यंत इथे बसतात. प्रत्येक टेबलाला प्लायचा आडोसा असतो आणि नवीन कोणी आलं की पहिल्याच दिवशी त्यावर कागद चिकटतो. बहुतेकांच्या कागदावर ठसठशीत अक्षरात पदाचं नाव असतं: उपजिल्हाधिकारी, डीवायएसपी. थोड्याजणांच्या कागदावर पदाचा उल्लेखच नसतो. तिथे पेन्सिलीने लिहिलेलं असतं, ‘सोमवार, सकाळी 8 ते 10, पंचायत राज. मागच्या परीक्षांतले 40 प्रश्न. चुका वेगळ्या वहीत.’ पुढे टिक किंवा फुली. दर रविवारी तो कागद उतरतो, नवा लागतो. वर्षभर नेटाने बसणारे बहुतेक या दुसऱ्या कागदवाले असतात, हे मी कितीतरी बॅचेसना पाहिलंय. ते सगळे पास होतात असं मी म्हणणार नाही. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत असतात तिथे निकाल कोणाच्याच हातात नसतो. पण त्यांचा अभ्यास खरोखर झालेला असतो, आणि तो दुसऱ्या एखाद्या परीक्षेत उपयोगी पडतो.

तुमचं ‘वजन कमी करायचं’ हे त्या पदाच्या नावासारखं आहे. रात्री झोपताना ‘आज झालं का?’ असं विचारलं तर त्याला हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही. ज्याला असं उत्तर देता येत नाही ती अजून इच्छाच आहे. इच्छा असावीच, त्याशिवाय पाऊल उचलत नाही. पण कामाला लागायचं तर तिच्यातून आजचा तुकडा कापून काढावा लागतो.

पदाचं नाव डोळ्यांसमोर ठेवल्याने जोर येतो असं सगळे सांगतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगेन यांनी यावर बरंच काम केलंय आणि त्यांना उलटंच दिसलं. शिक्षण संपवून नोकरी शोधणाऱ्यांपैकी जे यशाच्या गोड स्वप्नांत जास्त रमत होते, त्यांनी पुढच्या दोन वर्षांत कमी अर्ज केले आणि त्यांना पगारही कमी मिळाला. स्वप्नातच पोचल्याचं समाधान मिळतं आणि हात सैल पडतात. त्यांचा सल्ला असा की हवं ते डोळ्यांसमोर आणा आणि लगेच त्याच्या आड येणारी आपलीच अडचण शोधा.

तुमची अडचण मला तुमच्या प्रश्नातच दिसते. ऑफिसमधून निघायची वेळ नक्की नाही, चांदणी चौकात गाडी कधी सरकेल त्याचा भरवसा नाही, आणि घरी पोचेपर्यंत जीव आंबलेला असतो. अशा माणसाने ‘रोज रात्री एक तास जर्मन’ लिहिलं तर ते आठवड्याभरात मोडणार, हे जानेवारीतच दिसतं. इथे पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाची जर-तरची रीत खरंच कामाला येते. 1999 साली त्यांनी यावर लिहिलेला लेख प्रसिद्ध आहे. ‘करीन’ असं म्हणण्याऐवजी ‘अमुक झालं तर मी तमुक करीन’ असं आधीच ठरवून टाकायचं. म्हणजे ऐन वेळी विचार करत बसावं लागत नाही. तुमच्यासाठी असं लिहिता येईल: ‘सकाळी बसमध्ये बसलो की हेडफोन लावून धड्याचा एक ऑडिओ ऐकायचा. रात्री साडेआठच्या आत घरी आलो तर जेवणाआधी त्याच धड्याचे लेखी सराव. साडेआठनंतर आलो तर नवीन काही नाही, फक्त दहा मिनिटं जुने शब्द.’ हे तिसरं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. वाईट दिवसासाठी छोटं काम आधीच ठरलेलं असेल तर तो दिवस रिकामा जात नाही.

आकडा किती मोठा ठेवायचा? एडविन लॉक यांनी 1968 मध्ये मांडलं आणि पुढे गॅरी लॅथम यांच्याबरोबर कितीतरी प्रयोगांत दाखवलं की ‘जमेल तेवढं कर’ म्हणण्यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड उद्दिष्ट दिलं तर माणसं जास्त काम करतात. पण त्याच संशोधनातली एक गोष्ट सांगायची राहून जाते. काम अगदी नवखं असेल तेव्हा मोठा आकडा नडतो. तेव्हा ‘कसं करायचं ते शोधून काढणं’ हेच उद्दिष्ट ठेवावं. म्हणून जर्मनमध्ये पहिले दोन महिने बी-वनचं, म्हणजे मधल्या पातळीच्या परीक्षेचं, नावही काढू नका. कोणत्या वेळी डोकं चालतं, ऐकून जास्त लक्षात राहतं की लिहून, व्याकरण कुठे अडतं, एवढंच बघा.

याचं मला सगळ्यांत भावणारं उदाहरण आपल्याच गावातलं आहे. लॉ कॉलेज रस्त्याच्या भांडारकर संस्थेने 1919 साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. देशभरातल्या, वेगवेगळ्या लिप्यांतल्या हजारावर हस्तलिखितांचे पाठ ताडून एक पाठ सिद्ध करायचा होता. त्यांनी एकदम सगळं महाभारत अंगावर घेतलं नाही. 1923 मध्ये एकट्या विराटपर्वाची चाचणी आवृत्ती काढली आणि जाणकारांची मतं मागवली. 1925 मध्ये डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले, त्यांनी पद्धत नव्याने बसवली आणि 1927 पासून आदिपर्व थोडं थोडं छापून बाहेर येऊ लागलं. ते पर्व पुरं व्हायला 1933 उजाडलं. सुकथनकर 1943 मध्ये गेले तेव्हा बरंच काम बाकी होतं. ते पुढे बेलवलकर आणि मग वैद्य या संपादकांनी चालवलं आणि 1966 मध्ये सगळी पर्वं पूर्ण झाली. त्या रस्त्याने जाताना मला दरवेळी हे आठवतं आणि ऊर भरून येतो. सत्तेचाळीस वर्षांचं काम, पण प्रत्येक टप्प्यावर हातात घेता येईल असं काहीतरी छापून तयार होतं.

तुम्हीही आधी पंधरा दिवसांची चाचणी घ्या. तेवढ्यात जे जमलं नाही त्यात बदल करा आणि मगच वर्षाचं लिहा. त्यासाठी जानेवारीची वाट बघू नका.

एकवीस दिवसांत सवय लागते यावर विसंबू नका. लंडनमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर अभ्यास केला, तो 2010 मध्ये छापून आला. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले, पण माणसागणिक हा आकडा 18 पासून 254 पर्यंत होता. मला त्यातलं जास्त मोलाचं वाटतं ते पुढचं: मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही. तुमची ध्येयं मार्चमध्ये सुटली ती बहुधा एका खाड्यानंतरच्या ‘आता काय, मोडलंच’ या विचाराने. माझ्याकडच्या मुलांना मी एवढंच सांगते की फुली पडली तर पडू द्या, कागद फाडू नका.

आणि अमेरिकेतल्या येल विद्यापीठाची ती गोष्ट. 1953 च्या पदवीधरांपैकी ज्या 3 टक्क्यांनी ध्येयं लिहून ठेवली, त्यांनी उरलेल्या सगळ्यांपेक्षा जास्त कमावलं, ही कथा व्याख्यानांत सर्रास सांगतात. अशी पाहणी झाल्याचा पुरावाच सापडत नाही. लिहिणं चांगलंच, पण नुसतं लिहिल्याने काही होत नाही हे तुम्ही स्वतः अनुभवलंय.

आता तुमच्या तीन ओळींचं बघू. बचतीला रोजचा निश्चय लागतच नाही. पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप वळती होईल अशी आवर्ती ठेव बँकेच्या अॅपवरून सुरू करा आणि ती ओळ वहीतून काढून टाका. रक्कम लहान ठेवा, मधेच मोडावी लागू नये इतकी.

वजनाचं सध्या एवढंच करा: शनिवार-रविवार सकाळी टेकडी. कोथरूडला राहून म्हातोबा टेकडी किंवा वेताळ टेकडी न चढणं म्हणजे दारातली गंगा सोडून नळाला रांग लावणं. तिथे नेमाने येणाऱ्या एखाद्या गटाशी ओळख करून घ्या. चार माणसं वाट बघतायत म्हटल्यावर अंथरुणातून उठणं सोपं जातं. वजनकाट्यावर रोज उभं राहायची गरज नाही, आणि खाण्यापिण्यातला बदल तीन महिन्यांनी बघू.

उरली जर्मन. रोजचं लक्ष आणि डोकं या एकाच गोष्टीला द्या. मी तुमच्या जागी असते तर रोजच्या वेळेचा मेळ बसल्यावर एखाद्या वर्गाला नाव घातलं असतं. फी भरली की जावंसं वाटतं आणि कोणीतरी वही तपासतं. रानडे इन्स्टिट्यूट आहे, मॅक्सम्युलर भवन आहे. हिंजवडीची नोकरी सांभाळून जमतील अशा वेळा आहेत का आणि पुढचे प्रवेश कधी आहेत, हे याच आठवड्यात फोन करून विचारा. आणि जर्मन कामासाठी हवी आहे की तिकडे शिकायला जायचंय ते खाली लिहा. त्यावरून कुठल्या पातळीपर्यंत जायचं आणि परीक्षा द्यायची का, ते बोलू.