लाइन गेली, तर पगार का जावा?

प्रश्न : ताई, मी मानेवाड्यात राहते. पुण्याच्या एका कंपनीचं ग्राहकसेवेचं काम घरून करते. मे महिन्यात लाइन गेली की इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालतो, कूलर नाही. कधी नेटच बसतं. तेवढा वेळ हजेरीच्या ॲपवर ‘गैरहजर’ लागतं आणि पगार कापतात. नेटचं, विजेचं बिल माझंच. एचआर म्हणतं, घरून काम हवं तर एवढं सोसा. कायदा काही म्हणतो का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : म्हणतो. पण आधी नेमणूकपत्र काढा आणि त्यात कामाचं ठिकाण कोणतं लिहिलंय ते बघा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे गैरहजेरीची कपात कधी होते? नोकरीच्या अटींनुसार जिथे काम करायचं, तिथे माणूस नसेल तेव्हाच. 1936 च्या जुन्या कायद्यातही हेच होतं. पत्रात मानेवाड्याचा पत्ता असेल, तर तुम्ही घामाघूम का होईना, पण त्याच खुर्चीवर होतात. नेट नव्हतं, तुम्ही होतात. हे एचआरला ईमेलनं लिहा, व्हॉट्सॲपवर नको. वीज बंद असल्याचा महावितरणचा एसएमएस आला असेल तर तोही जोडा. कंपनी वाद घालेल, घालू द्या. पत्रात नुसतं ‘पुणे’ असेल तर मात्र तुमची बाजू लंगडी पडते; आधी पत्ता दुरुस्त करून घ्या.

बिलाचं दुखणं मोठं आहे. खाजगी कंपनीनं तुमचं नेटबिल भरावं, असं सांगणारा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. गंमत बघा, तुमच्यापासून थोड्याच अंतरावर मिहान प्रकल्पात सेझ, म्हणजे उद्योगांना सवलती असलेलं विशेष आर्थिक क्षेत्र, आहे. सेझमधल्या कंपन्यांसाठी जुलै 2022 मध्ये घरून कामाचा नियम आला, त्यात उपकरणं आणि सुरक्षित जोडणी कंपनीनंच द्यायची असं होतं. कामगाराच्या कळवळ्यानं आला असेल, असं मला वाटत नाही. पण म्हणजे हे जमतं! पोर्तुगालनं 2021 च्या कायद्यात घरून कामामुळे वाढलेला वीज आणि इंटरनेटचा खर्च मालकावर टाकला. आपल्याकडे त्यात कूलरही धरावा लागेल. शिवाय तुमच्या टेबलाखुर्चीचं पुण्यातलं भाडं कंपनीचं वाचतंच आहे, ते एचआर सांगत नाही.

सरकारनं एवढं तरी करावं : वीज गेलेला वेळ ठरावीक मर्यादेपर्यंत कामाचा धरावा, आणि महापालिकेच्या वाचनालयांत जनरेटरवर चालणारी चार टेबलं ठेवावीत. नाहीतर इन्व्हर्टर परवडतो त्यालाच घरून नोकरी, अशी चाळणी लागते. उमरेडची, काटोलची मुलगी हुशार असूनही तिथेच गळते.

तोवर पगारवाढीच्या बोलणीत नेटभत्ता पगारपत्रकावर वेगळ्या ओळीत मागा. मार्च ते जून जास्त मागितलात तरी चालेल. पुण्याच्या साहेबाला एकदा मे महिन्यात नागपूरला बोलवा.