जुनी फील्ड टेस्ट हातात नसेल तर काचबिंदू ‘वाढला’ कशावरून म्हणायचं?

थेंब टाकून डोळ्याचा दाब १४, तरी नवे डॉक्टर फील्ड (नजरेचा आवाका) बिघडलं म्हणून ऑपरेशन सुचवतात, आणि जुन्या दवाखान्याने ‘दाब नियंत्रणात’ एवढ्या एका ओळीच्या पत्रावर तुमची बोळवण केली. अगदी याच फेऱ्यातून गेलेय, म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही, निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

त्या पत्राचा काही उपयोग नाही. दाब दिवसभरात खालीवर होतो, शिवाय कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) पातळ असेल तर यंत्र तो खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. सरासरी जाडी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. तुमची मोजली नसेल तर मोजून घ्या. आजार सरकला का, हे जुनी-नवी फील्ड आणि डोळ्यामागच्या नसेचे रिपोर्ट शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. तेव्हा मागायचं ते हे: दोन्ही डोळ्यांच्या प्रत्येक फील्ड टेस्टचं पूर्ण पान, ओसीटीचे (नसेच्या थराची जाडी मोजणारं स्कॅन) रंगीत रिपोर्ट, नसेचे फोटो आणि थेंब सुरू होण्याआधीचा दाब. हा शेवटचा आकडा कुणी मागतच नाही! १४ हा २८ वरून खाली आलाय की १६ वरून, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. १६ वर असतानाच नस खराब झाली असेल तर १४ पुरेसा नाही.

माझी चूक एकच: तोंडी मागत राहिले. लेखी अर्ज केला तोवर त्यांचं यंत्र बदललं होतं, जुना डेटा गेला होता. नव्याने तुलनेपुरत्या टेस्ट जमवण्यात दीड वर्ष गेलं, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. तुम्ही आजच लेखी द्या, पोच घ्या.

एकाच बिघडलेल्या फील्डवर सहसा ऑपरेशन ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे. टेस्ट पुन्हा करा, त्याच यंत्रावर, त्याच २४-२ प्रोग्रामवर (मध्यापासून साधारण २४ अंशांपर्यंतची नजर तपासणारा). पहिली टेस्ट सवय नसल्याने बरेचदा वाईट येते. झुकलेली वरची पापणीही वरचा भाग काळा दाखवते. ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ (ठिपका न दिसताच दाबलेलं बटण) १५ टक्क्यांवर असतील तर त्या पानावर विसंबू नका. मात्र बिघाड नजरेच्या मध्याजवळ असेल तर १०-२ (फक्त मधल्या १० अंशांची बारीक टेस्ट) करून घ्या आणि वेळ दवडू नका.

थेंबांचंही तपासा. एकच थेंब पुरतो, दुसरा गालावर ओघळतो. टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा २ मिनिटं दाबा. दोन औषधांत ५ मिनिटं सोडा. थेंबांत टिमोलॉल हे औषध असेल आणि दमा किंवा मंद नाडी असेल तर लगेच सांगा. ॲलर्जीसाठी कुणी स्टेरॉइडचे थेंब दिलेत का तेही आठवा, त्यांनी दाब चढतो.

डोळ्यातलं पाणी बाहेर जायचा कोन उघडा असेल तर एसएलटी लेझरबद्दल (त्या वाटेवर मारून दाब उतरवणारं लेझर) विचारा. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, काही वर्षांत तो ओसरूही शकतो, पण पुन्हा करता येतं. दाब खूपच खाली आणायचा असेल तर मात्र ट्रॅबेक्युलेक्टमीच (पाण्याला बाहेर जायला नवी वाट करून देणारं ऑपरेशन) लागू शकते. त्यानंतर कितीही वर्षांनी डोळा लाल झाला, दुखला किंवा चिकट पाणी आलं तर त्याच दिवशी दाखवायचं. जंतुसंसर्ग आत शिरू शकतो.

आणि दाबाच्या छोट्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून ठेवा. तो कागद थर्मल असेल तर आकडे पुसट होतात.