कॅसेटवर साल नाही, तर ते शोधावे कोठे?

प्रश्न : वडिलांच्या लोखंडी पेटीत मला एक कॅसेट सापडली. तीत आमच्या भागातील आठ कलावंतांची मिळून दहा गाणी आहेत : सहा भीमगीते, दोन भारुडे, एक गोंधळ आणि किल्लारीच्या भूकंपावरचा एक पोवाडा. आतल्या कागदावर गायकांची नावे आणि ‘वसमत, जि. परभणी’ एवढेच छापले आहे. ना साल, ना गीतकारांची नावे. पोवाड्यात शाहीर म्हणतात की त्या विसर्जनाच्या रात्रीला अजून वर्षही झालेले नाही. एका भीमगीतात विद्यापीठाच्या नामविस्ताराचा आनंद गायला आहे, तर दोन गीतांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव येते. ही कॅसेट कधीची असावी आणि गीते कोणाची असावीत?
— एक वाचक, वसमत

उत्तर : आधी कागदाकडे पाहू. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत वसमत तालुका परभणी जिल्ह्यात होता. तेव्हा कागद त्यापूर्वीचा असण्याचा संभव अधिक. मात्र जिल्हा बदलला तरी जुना पत्ता लिहिण्याची सवय लगेच सुटत नाही, म्हणून या पुराव्यावर फार भार टाकू नये. (ज्यांच्याकडे जालना किंवा लातूर भागातील कॅसेटी आहेत, त्यांना ही खूण फारशी उपयोगी पडणार नाही. जालना जिल्हा १९८१ साली आणि लातूर जिल्हा १९८२ साली झाला; खेडोपाडी कॅसेटींचा सुळसुळाट झाला तो बहुतांशी त्यानंतर.) साल छापलेले नाही याचे मात्र आश्चर्य वाटू देऊ नका. ध्वनिमुद्रणाच्या वेष्टनावर निर्मात्याचे व हक्कधारकाचे नाव-पत्ते आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापण्याचे बंधन कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने आले खरे, पण तालुक्याच्या गावी छापखान्यातून दोन रंगांत कागद काढून घेणाऱ्या हौशी निर्मात्यांपैकी कितीजणांना त्याची वार्ता असेल, हा प्रश्नच आहे.

खरी साक्ष गाण्यांची आहे. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, माणसे गणपती बोळवून नुकतीच निजली होती. त्या विसर्जनाला वर्ष झालेले नाही असे शाहीर म्हणत असतील, तर पोवाड्याची रचना सप्टेंबर १९९४ च्या आतली ठरते. नामविस्ताराच्या गीतात तर शब्दच तारीख सांगतो. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, ठराव अमलात आला नाही आणि पुढची सोळा वर्षे लढ्याच्या तोंडी ‘नामांतर’ हाच शब्द राहिला. १४ जानेवारी १९९४ रोजी ‘मराठवाडा’ हा शब्द कायम ठेवून त्याआधी बाबासाहेबांचे नाव जोडले गेले, तेव्हापासून ‘नामविस्तार’ हा शब्द रूढ झाला. त्याचा आनंद गाणारे गीत त्या संक्रांतीच्या आधीचे असूच शकत नाही.

म्हणून कॅसेट १४ जानेवारी १९९४ च्या आधीची नाही, एवढे निश्चित धरावे. ती त्याच वर्षीची आहे असे म्हणण्यापूर्वी मात्र थोडे थांबावे लागेल, कारण अनेकांच्या गाण्यांची एकत्र कॅसेट एकाच बैठकीत भरलेली असतेच असे नाही, आणि शाहीर एकदा बांधलेला पोवाडा पुढे कित्येक वर्षे त्याच शब्दांत म्हणत राहतो. याची परीक्षा कानाने होते. पोवाडा आणि नामविस्ताराचे गीत लागोपाठ ऐका. पेटीचा आवाज, ढोलकीची चढवलेली शाई, मागे झील धरणारे गळे आणि खोलीचा घुमारा दोन्हींत एकच असेल, तर दोन्ही गाणी एका बैठकीतली समजण्यास हरकत नाही, आणि मग जानेवारी ते सप्टेंबर १९९४ ही मर्यादा घट्ट बसते. दहापैकी सहा भीमगीते आहेत हे पाहता, ही कॅसेट त्या वर्षीच्या १४ एप्रिलच्या जयंतीसाठी काढली असावी असे मला वाटते. पण हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे.

‘वामन’ ही वामनदादा कर्डक यांची नाममुद्रा. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा (१९२२–२००४) गावोगाव फिरून गात असत, आणि त्यांची गीते मराठवाड्यातील गायनपार्ट्यांनी इतकी आपलीशी केली की गीतकाराचे नाव छापण्याची गरजही कोणाला वाटली नसावी. तरीही ती दोन गीते त्यांच्या छापील संग्रहांशी ताडून पाहावीत, कारण मुखोमुखी फिरणाऱ्या गीतात कडवी गळतात आणि नवी चिकटतात. उरलेल्या भीमगीतांचीही शेवटची कडवी लक्षपूर्वक ऐका. तेथे एखाद्या स्थानिक कवीचे नाव ऐकू आले, तर आपल्या कॅसेटचे मोल फार वाढेल. वामनदादांची गीते अन्यत्र मिळतील, त्या कवीची कदाचित याच फितीवर असतील. गोंधळाला असा एक कर्ता शोधण्याच्या भरीस पडू नये.

आठ कलावंत एकत्र का, असे आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या दोन्ही बाजू भरायच्या तर अर्ध्या अर्ध्या तासाचा ऐवज लागतो. जयंतीच्या मंचावर एक-दोन गाण्यांनी रात्र गाजवणाऱ्या गायकाकडे तेवढा स्वतःचा ऐवज असेलच असे नाही, आणि असला तरी कोऱ्या कॅसेटी, वादक आणि छपाई यांचा खर्च एकट्याला झेपत नाही. आठजण एकत्र आले की खर्च वाटला जातो आणि प्रत्येकाच्या गावात चार कॅसेटी खपतात. जाणकार अशा मिश्र कॅसेटींना दुय्यम समजतात, हे मला कधीच पटलेले नाही. एका तालुक्यात एका वर्षी कोण काय गात होते, हे मोठ्या कंपनीच्या एकल गायकाच्या कॅसेटमधून कधी कळत नाही.

प्रश्न : अशीच एक जुनी कॅसेट माझ्याकडे आहे. वाजवली तर फीत तुटेल अशी भीती वाटते. ती संगणकावर कशी उतरवावी?
— एक वाचक, परभणी

उत्तर : फितीवर पांढुरकी बुरशी दिसत असेल, तर कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घालूच नका; बुरशी हेडवर आणि तेथून दुसऱ्या कॅसेटींवर जाते. फीत स्वच्छ असेल, तर प्रथम पेन्सिलने थोडी फिरवून ती मोकळी चालते का ते पाहा. फितीमागची लहानशी फेल्टची गादी जागेवर आहे ना, हेही पाहावे. ती गळून पडली की आवाज दबका आणि कमी-जास्त येतो. डबी तडकली असली तरी रीळ दुसऱ्या, स्क्रूच्या डबीत बसवता येते. वरच्या कडेच्या दोन्ही चकत्या मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. मग एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून, हेड स्पिरिटने पुसून, एकाच दमात उतरवून घ्यावी. आवाज घोगरा वाटल्यास हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवून तो सर्वांत स्वच्छ येईल तेथे थांबावे. मूळ प्रत २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलमध्ये ठेवा. मोबाइलवर पाठवण्यासाठी एमपीथ्री वेगळी करा. खरखर काढण्याची घाई नको, कारण तिच्याबरोबर झांजांची धारही जाते.

आणखी एक बारकावा. कॅसेट सेकंदाला सुमारे ४.७६ सेंटिमीटर वेगाने चालायला हवी, परंतु घरगुती यंत्रे थोडी पुढे-मागे धावतात. वेग सहा टक्क्यांनी वाढला की स्वर पेटीच्या एका पट्टीने चढतो. दोन पट्ट्यांच्या मधोमध कोठेतरी गायक लागला आहे असे वाटले, तर बहुधा दोष यंत्राचा असतो, गायकाचा नव्हे. आपल्या गावात त्याच कॅसेटची दुसरी प्रत असेल तर तीही मिळवा. प्रतीवरून काढलेल्या प्रतीत दर वेळी खरखर वाढते, त्यामुळे दोहोंत जी स्वच्छ ती मूळच्या जवळची मानावी.

प्रश्न : अशा कॅसेटमधील गाणी इंटरनेटवर टाकता येतील का? निर्मात्याचा आता पत्ता नाही.
— एक वाचक, नांदेड

उत्तर : पत्ता नाही म्हणून हक्क संपत नाही. भारतात ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो, म्हणजे १९९४ च्या कॅसेटवरचा २०५४ अखेरपर्यंत. गीतावरील हक्क कवीच्या निधनानंतर साठ वर्षे राहतो, तेव्हा वामनदादांच्या गीतांवरचा २०६४ अखेरपर्यंत. पारंपरिक गोंधळाच्या शब्दांवर कोणाचा हक्क नसला, तरी ते विशिष्ट ध्वनिमुद्रण कोणाचे तरी असतेच. कागदावरील गायकांपैकी कोणी हयात असेल, नाही तर त्यांची मुले त्याच तालुक्यात असतील, तर प्रथम त्यांना गाठावे. निर्माता कोण होता, पैसे कोणी घातले, कागद कोठे छापला, हे त्यांच्याकडूनच कळण्याचा संभव आहे. ते सर्व तारीख घालून लिहून घ्या आणि गायकाला त्याचे गाणे ऐकवून एक प्रत हाती द्या. त्याच्याजवळ स्वतःची कॅसेट उरली असेलच असे नाही.